मिशी सोडून

मेहकरला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो, त्या घरमालकांचा मला फार हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं बोललो तर ते कुठून आलं हे कळेल. हेवा त्यांच्या घराचा नव्हता. उंद्रीला त्यांचं ओलिताचं शेत होतं, त्याचाही नव्हता. माझा बाप त्यांना मिळाला, आणि मला तो कधी तसा मिळाला नव्हता, याचा तो हेवा होता.

सगळी गल्ली त्यांना भाऊ म्हणायची. दूधवाला भाऊ म्हणायचा, कुरिअरवाला भाऊ म्हणायचा, त्यांच्याशी भांडायला आलेला माणूससुद्धा 'हे पाहा भाऊ' अशीच सुरुवात करायचा. मी आणि माझी बायकोही भाऊच म्हणायचो. साठी उलटून गेलेली, अंगानं सडसडीत, बायको केव्हाच वारलेली, मूलबाळ नाही. शेत ठोक्यानं, म्हणजे खंडानं दिलेलं. त्यामुळे सकाळी उठून करण्यासारखं त्यांना एकच काम होतं, आणि ते म्हणजे दाढी.

दाढी सगळेच करतात. भाऊंची दाढी हा मात्र गल्लीतला जाहीर कार्यक्रम होता. अंगणात कडुनिंबाच्या खोडाला खिळा ठोकून त्यांनी आरसा टांगला होता. त्यापुढे हाताची लाकडी खुर्ची. शेजारी स्टुलावर गडव्यात कढत पाणी, स्टीलच्या वाटीत साबण, जाडसर केसांचा ब्रश, तुरटीचा खडा, आणि मधोमध घडी केलेल्या पंच्यावर मशीन. आमच्याकडे सेफ्टी रेझर असं कोणी म्हणत नाही. दाढीची मशीन म्हणतात, आणि ब्लेडला पत्ती. भाऊंची मशीन पितळेची, जड, वरचा मुलामा उडालेली होती. आधी गरम पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर घेऊन ते डोळे मिटून बसायचे. मग वाटीत ब्रश फिरत राहायचा, फिरतच राहायचा. मला घरात बसून चिडायला पुरेसा वेळ मिळायचा. मग गालावर फेस, मग पत्ती. मग पुन्हा फेस आणि पुन्हा पत्ती, या खेपेला उलट्या दिशेनं. शेवटी थंड पाणी आणि तुरटी. एवढं होईपर्यंत माझा डबा भरून झालेला असायचा.

"दाढी काढत नसतेत बाबू, दाढी करतेत," हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, म्हणून ते मला बाबू म्हणत. "काढतेत ते तन. वावरातलं."

पत्ती गालावर असताना ते बोलत नसत. एकदा शेजारचा माणूस नालीच्या पाण्यावरून तावातावानं भांडायला आला. भाऊंच्या एका गालाला फेस होता. त्यांनी नुसता हात वर केला, तो गाल पुरा केला, मशीन पाण्यात हलवून स्वच्छ केली, मग वळून म्हणाले, "हं, बोला आता." शेजाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पण आता त्यात दम उरला नव्हता. तेवढ्यात भाऊंनी दुसऱ्या गालाला फेस लावायला घेतला आणि पुन्हा हात वर केला. तो बिचारा निघून गेला. नालीचं पाणी पुढेही तसंच वाहत राहिलं.

दुसऱ्याच्या हनुवटीवर त्यांचा फार डोळा. मीटर पाहायला आलेला मुलगा असो की पापड विकणारा, त्याच्या गालाकडे बघून पहिला प्रश्न, "काहीनं केली?" म्हणजे दाढी कशानं केली. उत्तर काहीही आलं तरी पुढचा शब्द ठरलेला, "बसा." काही लोक बसायचे. बरेच जण पुढच्या वेळी पलीकडच्या गल्लीतून जायचे. उंद्रीच्या एका लग्नात त्यांनी जानवशावर जाऊन नवरदेवालाच खुर्चीत बसवलं होतं, अशी गोष्ट आहे. तिकडे बँड वाजून वाजून थकला, मुहूर्त टळला, नवरीचा मामा बोलवायला धावत आला. भाऊ म्हणाले, "मुहूर्त दुसरा भेटते. गाल दुसरा भेटते का?"

माझ्या घरात ते पहिल्यांदा आले तेव्हा नळाची चाकी बदलायला आले होते. बाथरूममध्ये त्यांना माझं वापरून फेकायचं निळं प्लास्टिकचं रेझर दिसलं. त्यांनी ते दोन बोटांनी उचललं, बाहेर नेलं आणि भिंतीवर ठेवून दिलं. "हे तुमी तोंडाले लावता?" माझी बायको तोंडाला पदर लावून हसली. मला तो माणूस त्या दिवसापासूनच खुपायला लागला.

एक गोष्ट मात्र त्यांच्या त्या सजवलेल्या चेहऱ्यावर नव्हती, मिशी. आणि ती माझ्याकडे होती. आमच्याकडे बाप हयात असेपर्यंत मिशीला पत्ती लावत नाहीत. कॉलेजातली पोरं आता काय वाट्टेल ते करतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण माझ्या वयाच्या, गावाकडच्या माणसाची मिशी गेली, म्हणजे बाप गेला. त्याची वेगळी पत्रिका छापायची गरज पडत नाही. माझं डोकं तिशीतच उघडं पडलं होतं, त्याची भरपाई म्हणून की काय, देवानं मिशी झुपकेदार दिली होती. मीही तिला जपत होतो.

मग आबा आमच्याकडे राहायला आले. आबा म्हणजे माझे वडील. साखरखेर्ड्याला घर, थोडी शेती, आयुष्य तिथंच गेलेलं. आई गेल्यावर त्यांच्या हातांना कंप सुटला. आधी चहाची बशी हलायची, मग सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा मी त्यांना घेऊन आलो. आमच्या बापलेकांचं बोलणं म्हणजे काय सांगावं! आई होती तेव्हा ते आईला सांगायचे, "त्याले म्हना, जेवून घे." आता माझ्या बायकोला सांगायचे, "त्याले म्हना, पंखा कमी कर." आणि मी त्याच खोलीत, त्यांच्यापुढेच बसलेला असायचो.

त्यांची दाढी वाढली. गावात न्हावी घरी येऊन करून जायचा, इथं कोण येणार? मी बॅटरीवर चालणारं ट्रिमर विकत आणलं आणि सुरू केलं. ते घरघरायला लागलं तसा आबांनी माझा हात बाजूला सारला.

"मेंढरं भादरून राह्यला का बे?"

बऱ्याच वर्षांत ते मला सरळ बोललेलं हे पहिलं वाक्य असावं.

चारदोन दिवसांनी मी दूध घेऊन फाटकातून आत आलो आणि जागीच थांबलो. भाऊंच्या खुर्चीत आबा बसले होते. गळ्याभोवती पंचा, मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले. भाऊंची दोन बोटं त्यांचा गाल ताणून धरत होती आणि दुसऱ्या हातानं पत्ती वरून खाली येत होती. आबांचे हात मांडीवर थरथरत होते, पण चेहरा एकदम शांत होता. असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. मी माझ्या बापाच्या गालाला कधी हातच लावला नव्हता. हे त्या क्षणापर्यंत मला जाणवलंही नव्हतं, आणि जाणवलं ते एका परक्या माणसाची बोटं तिथं बघून. मी दूध ओट्यावर आदळलं आणि बायकोला विनाकारण बोललो.

मग ते रोजचंच झालं. पत्ती फिरून झाली की आबा बोलायला लागायचे. आणि काय बोलायचे! तरुणपणी कुस्तीला गेलेले, कुठल्या बाजारात बैल हरवलेला, आईला बघायला गेले तेव्हा चुकून तिच्या मोठ्या बहिणीलाच पाहून आलेले. मी आतून खिडकीआड उभा राहून ऐकायचो. बैल हरवलेला मला माहीत नव्हतं. मोठ्या मावशीचं तर मुळीच माहीत नव्हतं. वर पुन्हा भाऊ मला फाटकाशी गाठून सांगायचे, "बाबू, तुमाले लहानपनी भिंतीची माती खाची सवय होती म्हने!" माझ्याच लहानपणाची बातमी मला तिऱ्हाईताकडून कळत होती.

आणि भाऊही त्यांना आबा म्हणायला लागले. हे मला सर्वांत जास्त लागलं. दादा म्हणायचं, पाटील म्हणायचं, काहीही म्हणायचं होतं. आबा हा माझा शब्द होता.

बायको म्हणाली, "बरंच झालं ना. मामाजीचा वेळ जाते."

मी म्हणालो, "वेळ जायला टीव्ही आहे."

तेव्हा मी ठरवलं की आपणही हे शिकायचं. हात बसला की एक दिवस गरम पाणी, वाटी, ब्रश असं सगळं मांडायचं आणि म्हणायचं, आबा, बसा. मग भाऊंनी आपल्या आरशात आपलंच तोंड बघत बसावं. मी बाजारातून एक मशीन आणली, पत्त्यांची पाकिटं आणली, साबण आणला, आणि सगळं ऑफिसच्या बॅगेत लपवलं. सकाळी बाथरूमची कडी लावून, नळ सोडून, चोरून दाढी करायला लागलो. ज्या वयात लोक पोरांना शिकवतात त्या वयात मी असा शिकत होतो.

सुरुवातीला तोंडाची चाळण झाली. मी प्लास्टिकच्या रेझरची सवय असलेला माणूस, जोर लावायचो. ऑफिसात लोक विचारायचे, मांजर पाळली का? मग हळूहळू कळलं की जोर लावायचाच नसतो. मशीन जड असते ती त्यासाठीच, ती आपल्या वजनानं चालते, आपण फक्त सोबत जायचं. साबण भिजू द्यायचा. पाणी थोडं, पुन्हा थोडं. फेस आधी पातळ, बुडबुड्यांचा असतो, मग एकदम घट्ट आणि चकचकीत होतो, लोण्यासारखा, आणि ब्रश गालावर गोल फिरवला की अंगावर गोड काटा येतो. पत्तीचा आवाज तर मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. दाढी राठ असेल तिथं खरखर, आणि दुसऱ्यांदा फिरवली की नुसतं सर्र. थंड पाणी मारून तुरटी फिरवली की जिथं चुकलो तिथं झोंबायचं, आणि जिथं झोंबत नसे तिथं हात फिरवत मी उभा राहायचो. हात काढवत नसे. बायको दार वाजवायची.

मला राग याचा आला की मला हे आवडायला लागलं. मी त्या माणसाचा मक्ता मोडायला निघालो होतो आणि त्याच्याच पंथाला लागलो. रात्री झोपताना सकाळची आठवण व्हायची. ऑफिसात साहेब काही बोलले तरी मनात यायचं, उद्या नवीन पत्ती आहे. सकाळची ती दहा-पंधरा मिनिटं कोणी मला काही मागत नव्हतं, मी कोणाचा क्लार्क नव्हतो. भाऊ अंगणात डोळे मिटून पंच्याखाली का बसतात ते मला कळलं, आणि ते कळलं म्हणून मी त्यांच्यावर आणखी चिडलो.

एका रविवारी आत्मविश्वास जरा जास्त झाला. नवी पत्ती होती, गाल सुरेख झाले होते. वाटलं, मिशीची खालची कडही जरा सरळ करून घेऊ. ओठाच्या डाव्या कोपऱ्याशी मशीन नेली आणि बायकोनं दार वाजवलं. हात हलला. मिशीचा एक लचका फेसासकट खाली आला. मग तेवढंच उजवीकडून घेतलं. ते जास्त झालं, म्हणून डावीकडून. मग पुन्हा उजवीकडून. शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखा ठिपका उरला. तो ठेवून बाहेर येणं शक्यच नव्हतं. तो काढला.

दार उघडलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या हातातले धुवायचे कपडे खाली पडले.

"अहो! मामाजी हायेत ना अजून!"

मी नाकावर रुमाल धरला. आबांना म्हणालो, सर्दी झाली. त्यांनी सुनेला सांगितलं, "त्याले म्हना, काढा घे." दिवस तसाच काढला. दुपारनंतर भाजी आणायला बाहेर पडलो. ऊन कडक होतं, टकलाला चटके बसतात म्हणून डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळला. एस.टी. स्टँडसमोर रसवंतीवर उभा राहिलो आणि रस प्यायला रुमाल काढला. तेवढ्यात स्टँडमधून निघालेली गाडी समोर थांबली. खिडकीत आमच्या गावचा एक माणूस, नात्यानं लांबचा काका. त्यानं माझ्याकडे पाहिलं. डोक्याला पांढरं, ओठावर काही नाही, आणि घरात म्हातारा आजारी हे सगळ्या गावाला माहीत. त्याचा चेहरा उतरला. त्यानं खिडकीतूनच दोन्ही हात जोडले. मोठ्या माणसानं नमस्कार केला म्हणून मीही दोन्ही हात जोडले. गाडी निघून गेली.

मला वाटलं, काय सज्जन माणूस आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकासमोर जीप थांबली आणि रडण्याचा आवाज आला. जीपमधून आत्या उतरली, चुलते उतरले, आणखी कोण कोण उतरलं. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आदल्या संध्याकाळपासून हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली होती, आबांचा कुठल्यातरी लग्नातला फेट्यातला फोटोही लागला होता. त्या ग्रुपवर दिवसभर पोरं शुभ सकाळ टाकतात म्हणून मी तो कधीच बंद करून ठेवला होता. गावच्या नंबरांवरून फोनही येऊन गेले होते, पण मिशीच्या लाजेनं मी फोन उचलत नव्हतो.

आत्या ऊर बडवत फाटकातून आत आली. "माह्या भाऊराया रे!" आणि निंबाखाली थबकली. खुर्चीत आबा बसले होते. डोळ्यांपर्यंत फेस, गळ्याला पंचा. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोन गेलं वं?" आबांनी घाबरून विचारलं.

आत्याचा हात छातीवरच राहिला. भाऊंच्या हातात पत्ती होती आणि पत्ती हातात असताना ते बोलत नाहीत, पण त्या दिवशी बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी गडबडीत रुमाल न घेताच बाहेर आलो होतो.

"मिशी गेली," भाऊ म्हणाले. "बाकी सारे हयात हायेत."

चुलत्यांनी कपाळावर हात मारून घेतला. आत्या मटकन ओट्यावर बसली. "अन् मी मेहकरपर्यंत रडत आली ते?"

"रडनं झालंच हाय तं चहा पिऊन जा," आबा म्हणाले.

चहा झाला. जाता जाता चुलते मला बाजूला घेऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. जीप गेली. अंगणात आम्ही तिघंच उरलो. आबांचा उजवा गाल झाला होता, डाव्या गालावरचा फेस वाळून गेला होता. ते माझ्याकडे एकटक बघत होते आणि मी लहानपणी मार खायच्या आधी उभा राहायचो तसा उभा होतो. ज्यांच्या मर्जीसाठी हा सगळा खटाटोप केला, त्यांना मी चारचौघांत जिवंतपणी पोचवलं होतं. आता हा माणूस मरेपर्यंत माझ्याशी सुनेमार्फतसुद्धा बोलणार नाही, असं मला वाटलं.

"कोनाकडं केली?" आबांनी विचारलं. मला. सरळ मला.

"मीच केली."

"काहीनं?"

"मशीननं."

"इकडं ये."

मी वाकलो. त्यांचा थरथरणारा हात वर आला. मला वाटलं, आता थप्पड बसते. तो हात माझ्या गालावरून फिरला, हनुवटीखाली गेला, पुन्हा वर आला. कंपामुळे तो गालावर टकटक लागत होता. मी डोळे मिटून घेतले.

"खालतं खुंट राह्यले," आबा म्हणाले. मग भाऊंकडे वळले. "राहू द्या भाऊ. उरलेली याले करू द्या."

भाऊंनी मशीन माझ्या हातात दिली. ते घरात गेले आणि दार लोटून घेतलं. मला एवढा आनंद झाला होता की त्यांचं जाणंही मला त्यातलाच एक भाग वाटलं. मी गरम पाणी आणलं, फेस केला, बापाच्या गालाला पहिल्यांदा बोटं लावली. गाल मऊ होता, लहान मुलासारखा सैल. जबड्याच्या कोपऱ्यावर कापलंच. रक्ताचा थेंब फेसात उतरला.

"भाऊचा हात हलका हाय," आबा म्हणाले. पण मान त्यांनी हलवली नाही.

संध्याकाळी मी भाड्याच्या निमित्तानं भाऊंकडे गेलो. खरं सांगायचं तर जिंकलेला माणूस जातो तसा गेलो होतो. भाऊ ओट्यावर बसून गव्हातले खडे निवडत होते. त्यांनी सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाले, "बाबू, तुमच्या मिशीचा मले लय हेवा वाटे."

मला वाटलं, थट्टा करतात.

"मी मायच्या पोटात होतो तवा बाप गेला," ते म्हणाले. "मले मिसरूड फुटलं तशी मायच म्हने, काढून टाक, ठेवतो कोनासाठी? तवापासून काढतो. लोक बाप हाय म्हनून ठेवतेत, गेला की काढतेत. माह्या ओठावर बाप कधी होताच नाही. दाढी बी मले कोनं शिकवली नाही. कापून कापून शिकलो." त्यांनी सुपातला खडा वेचून फेकला. "आबाच्या गालाले हात लावला की वाटे, आपलाच म्हतारा हाय. तेवढंच."

असं ऐकल्यावर माणसाचं मन पाघळायला हवं. माझं पाघळलं नाही. मला राग आला. इतके दिवस मी जळत होतो, रात्री झोपत नव्हतो, मिशी घालवून बसलो होतो, आणि या माणसानं माझ्याही आधीपासून, माझ्याहून मोठ्या कारणासाठी, न बोलता हेवा केला होता. निदान त्यात तरी मी पुढे असेन असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनीच वाटणी केली. उजवा गाल भाऊंचा, डावा माझा. कोणाचा चांगला झाला ते आबा रोज हात फिरवून सांगायचे आणि बहुतेक वेळा उजवाच चांगला असायचा. मी पत्तीच्या कंपन्या बदलून पाहिल्या, साबण बदलला. भाऊ मला काही शिकवत नसत आणि मी विचारत नसे. पण पत्ती फिरवून झाली की आबांच्या गोष्टी सुरू व्हायच्या, आणि त्या आता खिडकीआडून ऐकाव्या लागत नव्हत्या. माझी मिशी पुन्हा आली. आबा मधूनमधून तिच्याकडे पाहायचे आणि म्हणायचे, "वाढव, वाढव. मी हाओ अजून."

नंतरच्या हिवाळ्यात आबा गेले. चहा अर्धा पिऊन पडले ते उठले नाहीत. आम्ही त्यांना साखरखेर्ड्याला नेलं. भाऊ त्या दिवशी मागे, गर्दीत कुठेतरी उभे होते आणि शेवटच्या गाडीनं परत गेले. माझं त्यांच्याशी बोलणंही झालं नाही.

दहाव्याला नदीवर भावकी जमली. रेतीत एका बाजूला रांग लावून आम्ही बसलो. मी पहिला, एकुलता एक मुलगा म्हणून, मग चुलतभाऊ, मग लांबचे. गावचा जुना न्हावी थकला होता, त्याच्या जागी दुसऱ्या गावचा आला होता. तो पत्ती बसवत असताना वरच्या रस्त्यावरून एक माणूस उतरून आला. मी आधी ओळखलं नाही. गालांवर पांढरे खुंट, हनुवटीवर पांढरे खुंट, आणि ओठावर पांढरी, आखूड, नुकतीच धरलेली मिशी. ते भाऊ होते. कोणाकडे न बघता ते आले आणि माझ्या अलीकडे, रांगेच्या तोंडाशी रेतीत बसले.

रांगेत कुजबुज झाली. तिथं भावकीच बसते. चुलते उठून उभे राहिले आणि माझ्याकडे बघायला लागले. न्हाव्यानं हातातल्या पत्तीनंच भाऊंकडे खूण केली.

"हे कोन?"

सगळे माझ्या उत्तराची वाट पाहत होते. घरमालक, एवढंच म्हणायचं होतं. भाऊ उठून मागे गेले असते, काही बोललेही नसते. आबांचा तो शेवटचा मान तरी माझ्या एकट्याचा राहिला असता. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. भाऊ खाली रेतीकडे बघत होते.

"भाऊ," मी म्हणालो.

खोटं काही बोललो नव्हतो. सगळं मेहकर त्यांना तेच म्हणत होतं. चुलत्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. न्हाव्यानं त्यांचे पांढरे खुंट पाहिले, माझ्या काळ्या मिशीकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"मंग थोरले हायेत हे. आधी थोरल्याची करावी लागते."

त्यानं पाण्याचं भांडं माझ्यापुढून उचललं आणि भाऊंच्या पुढे ठेवलं. भाऊंनी मान वर केली, डोळे मिटले. पत्ती लागायच्या आधीच त्यांच्या गालांवरून पाणी उतरून त्या मिशीत मुरायला लागलं. ते मोठ्यानं रडत होते आणि मला अजून रडू आलं नव्हतं. न्हावी त्यांना पुसत पुसत सावकाश मिशी काढत होता. मी माझी मिशी पाण्यानं ओली करून पाळी येण्याची वाट पाहत बसून राहिलो.